रांगेतला पंधरावा आकडा

हॉल्बी, आयोवा
१२ फेब्रुवारी

चि. नील्स यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यावर बोटभर राग.

तू तिकडे डे मॉईनला टॅगर्टसाहेबांच्या प्रचार कचेरीत उबेला बसून फळ्यावर आकडे मांडतोस, म्हणून तुला हे सगळं हसण्यावारी न्यायला सोपं जाईल. मला जात नाही. फोनच करणार होते. पण मी रांधते आणि आई राहते त्या वृद्धाश्रमातला फोन आमच्या व्यवस्थापकांच्या, म्हणजे प्रॉब्स्टच्या टेबलावर, आणि घरच्या फोनची तार तीन घरांत मिळून एक. त्यातलं एक घर त्याच्या मेहुणीचं. तेव्हा पत्रच बरं.

सोमवारी शाळेच्या वाचनालयात आपल्या वॉर्डाची सभा झाली. आई हट्टाला पेटली, मी येणारच. चाकाच्या खुर्चीत बसवून, तीन शाली गुंडाळून तिला नेलं. तुला इथली रीत माहीतच आहे. चिठ्ठी नाही, पेटी नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी जो उमेदवार हवा त्याच्या नावाच्या कागदाखाली सगळ्या गावादेखत जाऊन उभं राहायचं. मी आपली मुकाट्यानं सिनेटर व्हिटलॉकच्या कागदाकडे खुर्ची वळवली. सगळं गाव तिथेच होतं, प्रॉब्स्ट तर त्यांचा जिल्ह्याचा पुढारी. तर आईनं काठीनं माझ्या पायावर टोला हाणला आणि म्हणाली, इकडे नाही, तिकडे, त्या बटाटेवाल्याकडे.

बटाटेवाला म्हणजे तुझे टॅगर्टसाहेब. जानेवारीत त्यांची गाडी बर्फात रुतली तेव्हा आश्रमाच्या स्वयंपाकघरात बसून तासभर बटाटे सोलत होते ना, ते आई विसरलेली नाही. सालं इतकी जाड काढली की अर्धा बटाटा बादलीत. पण तासाभरात एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, एवढं एकच आईच्या मनात बसलंय. तर काय, खुर्ची ढकलणारी मी. जिथे खुर्ची तिथे मी.

आम्ही सगळे मिळून आठ जण. आठांतून एकाला मार्चच्या जिल्हा मेळाव्यासाठी प्रतिनिधी म्हणून निवडायचं होतं. कुणाच्या गाईला वासरू होणार, कुणाची पाठ धरलेली. शेवटी माझ्या गळ्यात पडलं. बदली प्रतिनिधी म्हणून कुणीतरी थट्टेत आईचं नाव घेतलं, सगळे हसले, आणि ते तसंच कागदावर चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॉब्स्ट स्वयंपाकघरात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. माझ्या राय पावाचं कौतुक केलं. मग म्हणाला, आईंची खिडकीची खोली छान आहे नाही? चौदा जण यादीत ताटकळलेत तशा खोलीसाठी. आणि गेला. एवढंच बोलला, नील्स. पण काय ते मला कळलं. माझं नाव त्या प्रतिनिधींच्या यादीतून काढता येतं का, ते उलट टपाली कळव.

तुझी, पायाला काठीचा वळ असलेली,
थोराताई

---

डे मॉईन
२० फेब्रुवारी

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. आईच्या काठीलाही वेगळा नमस्कार.

नाव काढू नकोस गं. हात जोडतो. आमच्या कचेरीतला फळा तुला दिसला असता तर तू हे विचारलंच नसतंस. तुमच्या जिल्ह्याच्या मेळाव्याला शंभर प्रतिनिधी येणार. ज्या गटाकडे शंभरात पंधरा माणसं नाहीत, तो गट तिथल्या तिथे मोडतो. त्यातल्या लोकांनी दुसऱ्याच्या गटात जायचं नाहीतर घरी. आमचे किती आहेत सांगू? पंधरा. सोळा नाहीत, चौदा नाहीत. पंधरा भरले तर जूनच्या राज्य अधिवेशनाला तुमच्याकडून आमचा एक माणूस जातो. असे लहान लहान जिल्ह्यांतले एकेक जमवूनच आमचं दुकान चालू आहे. टॅगर्टसाहेब मागे आहेत हे काय मी तुला सांगायला हवं? आपल्या चर्चच्या पायऱ्यांवर पण तेच बोलत असतील.

प्रॉब्स्टचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी तो आपल्या कुंपणावरून उडी मारताना अडकला होता आणि तूच त्याची विजार सोडवली होतीस, असं तूच सांगतेस. असला माणूस काय करणार? नुसता गुरगुरेल.

मेळावा २६ मार्चला, शाळेच्या व्यायामशाळेत. गट भिंतीशी रांगेत उभा करतात आणि एकेकानं आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा. तुला फक्त एक शब्द बोलायचा आहे. एवढं करशील ना?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
नील्स

---

हॉल्बी
३ मार्च

चि. नील्स यास,

आशीर्वाद. यावेळी राग नाही, अंगात तेवढं त्राण नाही.

तू म्हणालास नुसता गुरगुरेल. सोमवारी आईच्या शेजारच्या पलंगावरच्या ग्रेव्हबाईंना चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या आश्रमात हलवलं. त्यांचा मुलगा त्या दिवशी आमच्या आठांत उभा होता. मी प्रॉब्स्टला विचारलं तर म्हणाला, त्यांच्या गुडघ्यांसाठी तिथे सोय चांगली आहे, थोरा, तू उगाच कसले अर्थ काढतेस? बाईंना जाताना समजतच नव्हतं आपण कुठे चाललोय. आईचा हात सोडेनात. आई दोन दिवस त्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसली.

काल माझ्या ओट्यावर, पिठाच्या डब्याखाली एक कोरा अर्ज ठेवलेला मिळाला. रहिवाशाची प्रकृती तपासून योग्य जागी हलवण्याबाबत. नाव भरलेलं नाही, सही नाही. कुणी ठेवला ते कुणी सांगत नाही. मी तो घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवलाय आणि दिवसभर तो मला टोचतो. हातून भांडी पडतात. रस्त्यानं मागून गाडी आली तरी मी वळून बघते. चाळीस मैल, नील्स. माझ्याकडे गाडी नाही. आईला रात्री पाणी लागलं तर ती माझंच नाव घेऊन हाक मारते, हे तिकडे कुणाला माहीत असणार?

तेव्हा मी आज त्याच्याकडे गेले आणि सांगून आले, २६ तारखेला शनिवार आहे, दुपारच्या जेवणाला मीच लागते, मी मेळाव्याला जाणार नाही. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. तो हात झटकून टाकावासा वाटला. पण घरी येऊन महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले, हेही खरं.

तू लहान असताना तुला अंधाराची भीती वाटायची तेव्हा मी तुला हसले नव्हते. आता तू मला हसू नकोस. आईला यातलं काही कळता कामा नये.

तुझी,
ताई

---

डे मॉईन
१० मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. कान पकडून.

जाऊ नकोस. माझं मागचं पत्र फाडून चुलीत घाल. माणूस फळ्यासमोर फार दिवस बसला की त्याला माणसं दिसेनाशी होतात, तसं माझं झालं होतं.

आणि खरं सांगतो, जे कचेरीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. उमेदवारी मिळायला देशभरातून दोन हजारांच्या वर प्रतिनिधी लागतात. आमच्याकडे आज एकशे एक्क्याऐंशी आहेत. वरिष्ठ मला रोज विचारतात, संधी किती? मी रोज काहीतरी आकडा बनवून सांगतो. तुमच्या जिल्ह्यासमोर अजून पंधराच लिहिलेत. ते पुसून चौदा लिहायला माझा हात धजत नाही. लिहिलं की विचारतील कोण गळालं, आणि मला माझ्या बहिणीचं नाव घ्यावं लागेल. मीही घाबरलोय, ताई. फक्त माझ्या भीतीला टाय बांधलेला आहे.

तू स्वयंपाकघरातच थांब. आईजवळ थांब. एका हरणाऱ्या माणसासाठी आईचा पलंग डावाला लावावा असं मी तुला परत कधी म्हणणार नाही.

तुझा,
नील्स

---

हॉल्बी, खोली सात
१५ मार्च

चि. नील्स,

आईचे आशीर्वाद. हात कापतो म्हणून अक्षर असं. डोकं ठीक आहे.

तीन आठवडे सूप खारट येतंय. मीठ जास्त पडलं की रांधणारी प्रेमात पडली म्हणतात; तुझ्या बहिणीचं तसं काही लक्षण दिसत नाही, म्हणजे ती घाबरली आहे. परवा माझी उशी नीट करताना तिच्या ॲप्रनमधून एक अर्ज पडला. तिनं झडप घालून उचलला, पण मी वाचला. मी बहिरी आहे, आंधळी नाही. ग्रेव्हबाई का गेली तेही मला कळलं.

तीन गोष्टी कळव. एक, बदली प्रतिनिधी नक्की काय करतो. दोन, त्यानं किती वाजेपर्यंत नाव नोंदवायचं असतं. तीन, ताईला सांगायचं नाही. ही तिसरी विचारणा नाही.

दुधाची गाडी चालवणारा आंकर लुंड दर शनिवारी इथे येतो. तो तुमच्या पंधरांतलाच आहे. गाडीत पुढे जागा असते.

गळ्याला लोकरी मफलर बांध.
आई

---

हॉल्बी
२६ मार्च, संध्याकाळ

नील्स,

मायना वगैरे सुचत नाही. आई ठीक आहे हे आधी लिहिते, मग बाकीचं.

आज साडेअकराला मी जेवणाचं ताट घेऊन सात नंबरला गेले. पलंग रिकामा. चादर ताणून घातलेली, खुर्ची नाही, खुंटीवरचा कोट नाही. तुला काय सांगू माझं काय झालं ते. मला वाटलं, हलवलं. मी कबूल करून आले, थोपटून घेतलं, आणि तरी त्यानं तिला हलवलं. ताट कुठे ठेवलं मला आठवत नाही. कचेरीत धावले तर प्रॉब्स्ट मेळाव्याला गेलेला. पोरगेलीशी कारकून म्हणाली, दुधाच्या गाडीतून गेल्या की तुमच्या आई. मला काहीच उमजेना. मी तशीच, ॲप्रनमध्ये, डोक्याला जाळी, बर्फातून शाळेकडे पळाले.

व्यायामशाळेच्या दारात पोचले तेव्हा मोजणी चालू होती. टॅगर्टचा गट भिंतीशी. मोजणारा कोण, तर प्रॉब्स्टच. एक, दोन, तीन, एकेक जण आकडा म्हणत होता. आंकर चौदा म्हणाला. प्रॉब्स्टनं वहीवर रेघ ओढली आणि म्हणाला, चौदा, गट मोडला. तेवढ्यात आंकर बाजूला सरकला. त्याच्या मागे खुर्चीत आपली आई. चर्चची टोपी घालून, छातीवर बिल्ला लावून. ती म्हणाली, पंधरा.

प्रॉब्स्टला वाटलं असेल, म्हातारी बघायला आली आहे. तो म्हणाला, बाई, फक्त प्रतिनिधींनी बोलायचं. तिला ऐकू आलं नाही. तिला वाटलं तोच बहिरा आहे. म्हणून ती दुप्पट मोठ्यानं ओरडली, पंधरा! मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, दोनदा म्हणाली म्हणून सोळा धरू नका म्हणजे झालं, आणि व्हिटलॉकवालेसुद्धा हसले. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी कागद काढून दाखवला. प्रतिनिधी गैरहजर, बदली हजर, नऊ वाजून पाच मिनिटांनी नोंद. प्रॉब्स्टला रेघ खोडावी लागली.

आणि मी दारात उभी. प्रतिनिधी गैरहजर म्हणजे मी. चार पावलं टाकून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं होतं, तेवढंही माझ्यानं झालं नाही. ही लाज मी तुलाच सांगू शकते.

गटानं राज्य अधिवेशनासाठी आईलाच निवडलं. बदली कोण असं विचारल्यावर तिनं काठी उचलून सरळ दाराकडे रोखली. शंभर माना वळल्या. प्रॉब्स्टचीही. माझं नाव लिहून घेतलं त्यांनी, नील्स. आता काय होईल? तिला या वेळा आणि नियम कुणी कळवले, हे मी विचारत नाही. आईच्या कोटाच्या खिशात कागद सापडला, मला अक्षर ओळखू येतं.

थोरा

---

डे मॉईन
२ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. दोन्ही कान धरून, आणि उठाबशांसकट.

हो, मीच कळवलं. आईनं विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. ती जाईलच असं वाटलं नव्हतं, असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच. तुला न कळवल्याबद्दल तू बोलशील ते ऐकून घेईन.

फळ्यावर तुमच्या जिल्ह्यासमोर पंधरा तसेच आहेत. खरे आहेत आता. मी त्याच्याभोवती एक गोल काढला. वरिष्ठांनी विचारलं, हे काय? म्हटलं, माझी आई.

पण झोप लागत नाही. आईच्या पलंगाचं काय झालं? लगेच लिही. एक ओळ लिही.

तुझा,
नील्स

---

हॉल्बी
१९ एप्रिल

चि. नील्स यास,

आशीर्वाद. वाट बघायला लावली, कारण कळवण्यासारखं नक्की काही होत नव्हतं आणि तेच जास्त भयंकर होतं.

तीन आठवडे प्रॉब्स्ट माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग गेल्या गुरुवारी आईला खिडकीच्या खोलीतून काढलं. चाळीस मैलांवर नाही. मागच्या बाजूला, बॉयलरशेजारच्या खोलीत. खिडकी नाही, दिवसभर घरघर. आश्रमाबाहेर तिला काढायची त्याची छाती झाली नाही, कारण आंकर दर शनिवारी न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांसमोर आईचं नाव घेऊन मोठ्यानं विचारतो, सिडसेलबाई अजून आश्रमातच आहेत ना? सगळ्या जिल्ह्यानं तिला त्या भिंतीशी पाहिलंय. ज्या उघड्यावर उभं राहण्याला मी भीत होते, त्यानंच तिचा पलंग राखला. हे मला उशिरा कळलं.

आई म्हणते, इथे ऊब चांगली आहे. पण ती दाराकडे तोंड करून बसते, आणि आता दोन घास कमी खाते. घरघरीत तिला माझी हाकसुद्धा ऐकू येत नाही. मी रोज थोडी ओरडायला शिकतेय. जूनचं नाव काढलं की मी अजून विषय बदलते.

तुझी,
ताई

---

डे मॉईन
३१ मे

प्रिय ताईस,

नमस्कार.

रेडिओवर ऐकलंच असशील. टॅगर्टसाहेबांनी काल माघार घेतली. शेवटचा आकडा दोनशे सहा. भाषण पाच मिनिटांचं झालं, नंतर ते कचेरीत आले आणि प्रत्येकाला नाव घेऊन भेटले. माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, त्या खुर्चीतल्या बाईंना सांगा, मी सालं पातळ काढायला शिकेन.

मी फळा पुसला. तुमचा गोल मात्र नीट पुसला गेला नाही, खडू खोल रुतला होता.

आई अंथरुणाला खिळल्याचं तुझ्या कार्डावरून कळलं. म्हणजे अधिवेशनाला तुझी पाळी. पण आता तिथे जायचं कारणच उरलेलं नाही. तू मोकळी झालीस, ताई. कुणी विचारणार नाही. मी चौदाला घरी येतो, मग दोघं मिळून आईजवळ बसू.

तुझा,
नील्स

---

हॉल्बी
१२ जून

चि. नील्स यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र पोचेल तेव्हा तू वाटेत असशील. तरी लिहिते, कारण तोंडानं सांगताना मी रडेन.

काल मी गेले. तुझ्याच शहरात येऊन तुला न भेटता परतले. तू अडवलं असतंस. आंकरनं दुधाची गाडी काढली. वाटेत दोनदा त्याला थांबवून मी रस्त्याच्या कडेला ओकले. तो म्हणाला, परत फिरू या का? मी म्हटलं, गाडी चालव.

सभागृह केवढं, नील्स. तीन हजार माणसं. व्हिटलॉकच्या बाजूला पहिल्याच रांगेत प्रॉब्स्ट, आणि त्यानं मला येताना पाहिलं. टॅगर्टच्या कागदाखाली साडेचारशे लागणार होते. बहुतेकांनी घर गाठलेलं. जे आलो ते भिंतीशी उभे राहिलो. माझ्यासमोर ढकलायला खुर्ची नव्हती. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून ॲप्रनच्या खिशात घालतात तसे कोटाच्या खिशात घातले. निघताना ॲप्रनमधून काढून ठेवलेला तो कोरा अर्ज तिथे होता. आकडे जवळ येत गेले. शेवटची मीच होते. माझी पाळी आली आणि मी म्हटलं. आवाज फुटला जेमतेम. मोजणाऱ्यानं मान हलवली, वहीत लिहिलं, आणि म्हणाला, गट मोडला. झालं. जिथे जायचं तिथे जा म्हणाले. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले आणि घरी आलो.

आज सकाळी बॉयलरच्या खोलीत गेले. आईनं डोळे उघडले. पहिला प्रश्न, गेली होतीस का? मी मान डोलावली. दुसरा, तुझा आकडा किती? मी सांगितला. घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानाशी हात नेला. मी परत सांगितला. परत नाही. मागे दारात पावलं वाजली. वळून पाहिलं तर प्रॉब्स्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा, उंबऱ्यावर थांबलेला. पूर्वीची मी गप्प झाले असते.

मी आईच्या कानाशी वाकले नाही. सरळ उभी राहिले आणि ओरडले, एकसष्ट! बॉयलरच्या वर माझा आवाज गेला. आमच्या जुन्या सात नंबरपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत गेला म्हणे. आई हसली आणि म्हणाली, एवढं ओरडायला मी काय बहिरी आहे?

तिला फार थोडे दिवस आहेत, नील्स. लवकर ये. आलास की तूही मोठ्यानंच बोल.

तुझी, आता कुणाच्याही मागे न उभी राहिलेली,
थोराताई